साठातला एकच अंगरखा

रक्ततपासणीच्या खोलीबाहेर बाकावर पोस्टातल्या बाई रिपोर्टची वाट बघत होत्या. शेजारी शालीत गुरफटलेली एक तरुणी आणि तिचे वडील. बाईंनी पेपर तोंडासमोर धरला, पण कान तिकडेच.

"तिसऱ्यांदा झाला तुला हा मलेरिया. आता तरी सोड ते संशोधन."

"बाबा, मला डास चावला. प्रयोगशाळा नाही चावली."

"तुझे सरसुद्धा म्हणाले, विषय बदल."

"त्यांना घाई आहे. मला नाही."

"एवढासा जंतू, आणि पाच वर्षं तुला झुलवतोय!"

"त्याच्याकडे साठेक अंगरखे आहेत, बाबा. घालतो एकच, बाकीचे कुलपात. रक्तातल्या पहारेकऱ्यांनी ओळखला, की तो काढून दुसरा चढवतो."

"म्हणजे हरलीसच की!"

"अंगरख्यांच्या मागे धावले तर हरेन. मी कुलपाच्या मागे लागलेय. कुठला उघडा, कुठला बंद, ते कुलूप ठरवतं. ते मोडलं, तर साठही एकदम उघडे पडतील. मग लपेल कुठे?"

"मोडेल?"

"अजून तरी नाही मोडलं."

"आणि त्याआधी तूच मोडलीस तर?"

तेवढ्यात दार उघडून सिस्टर डोकावल्या.

"चला, रक्त द्यायला. चाकाची खुर्ची आणू का?"

"चालत येते, सिस्टर. आणि एक नळी जास्तीची घ्या, प्रयोगशाळेसाठी. परवानगी काढलीय."

"अगं, अंगात रक्त आहे का तुझ्या?"

"तीनदा माझ्या घरात घुसलाय, बाबा. आता मी त्याला माझ्या प्रयोगशाळेत नेणार."

बाईंचा पेपर खाली आला होता. वडील उठले, लेकीच्या खांद्यावरची शाल त्यांनी नीट केली.

"घ्या हो सिस्टर, म्हणते तेवढं. ऐकायची नाही ती."