पहिला नंबर

फिजिओथेरपीच्या दवाखान्यात शिंपीणबाई आपल्या पाळीची वाट बघत बाकावर बसल्या होत्या. अर्धवट ओढलेल्या पडद्याआड निवृत्त हेडमास्तर होते, त्यांची बायको होती आणि व्यायाम करून घेणारी मुलगी.

“सर, टीव्हीवरचे फुगे उजव्या हाताने फोडायचे.”

“हा तर व्हिडिओ गेम आहे!”

“हो. मुलांना टीव्हीसमोर उड्या मारता याव्यात म्हणून टीव्हीखालचा हा कॅमेरा निघाला. पेशंटचा हात किती उचलला जातो तेही त्याला कळतं, हे नंतर लक्षात आलं.”

“म्हणजे टवाळ पोरांचं खेळणं मला औषध म्हणून देताय.”

“अहो, जन्मभर कपाट भरून खेळणी जप्त केलीत. आता एक फुगा फोडा.”

“चार महिने न हललेला हात फुग्यासाठी हलणार? हे बघ. शून्य. नापास.”

“इथे नापास कुणी होत नाही, सर. फक्त टीव्हीवरच्या यादीत नंबर लागतो. तुमचा नववा.”

“किती जणांत?”

“नऊ.”

“आणि पहिला कुणाचा?”

“शिंपीणबाईंचा. चौऱ्याऐंशी फुगे.”

“चौऱ्याऐंशी? शक्यच नाही! तो आकडा पुन्हा तपासा. तो, तो वरचा!”

“अहो... हात! तुमचा उजवा हात!”

“हाताचं काय घेऊन बसलीस? ती बाई कॉपी करते का, ते विचार आधी.”

पडद्याच्या फटीतून टीव्हीकडे रोखलेलं एक थरथरतं बोट दिसत होतं.

बाकावर शिंपीणबाईंनी आपल्या बोटांची उघडझाप सुरू केली.