सातव्या पायरीनंतरचे चाळीस चौकोन

मी, सुंदुस ताहर करवी, वय ३४ वर्षे, धंदा सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी, राहणार गरेमदा रस्ता, सफाक्स शहर. न बोलावता ठाण्यात आले असून समक्ष सांगते की,

माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राला कळेल अशा आज्ञांत उतरवणारा कंपायलर आमची कंपनी बनवते. नौफल झिरीबी माझ्या शेजारी बसतो. फरशी कारखान्यातील दाबयंत्राचा प्रोग्राम त्याने लिहिला आहे; तो आमच्याच कंपायलरने यंत्रासाठी उतरवला.

दि. ४ मार्च रोजी सकाळी त्या यंत्रात कामगार हमादी वस्लाती यांचा उजवा हात सापडला. तो मनगटापासून काढावा लागला. हात आत असल्यास यंत्र थांबवणारी तपासणी नौफलने गाळली, या आरोपावरून त्याला दि. ६ रोजी ताब्यात घेतले. जाताना तो म्हणाला, "सुंदुस, ती ओळ मी लिहिलीय गं. तू बघ ना." मी पाहिले. ओळ होती.

दि. ७ रोजी सकाळी नऊला मी कंपायलरच्या आतले काम चित्रात दाखवणारी साधने संगणकावर बसवायला घेतली. चित्र काढणारा प्रोग्राम कंपायलरला सापडेना. तो बसवून कंपायलर नव्याने बांधावा लागला. त्यात साडेचार तास गेले. मुन्सिफ नावाचे आमचे कंपनीतले साहेब म्हणाले, "चित्रं काढत बसलीस? आता कोर्टात प्रदर्शन भरव." मी काम चालू ठेवले.

कंपायलर पायरीपायरीने काम करतो; दुपारी दोनला नौफलच्या प्रोग्रामचे प्रत्येक पायरीनंतरचे चित्र निघू लागले. पहिल्यात एकेचाळीस चौकोन होते, एकेक चौकोन म्हणजे आज्ञांचा एक गट, आणि त्यांना जोडणारे बाण होते. तपासणीचा चौकोन सहाव्या पायरीपर्यंत जागेवर होता. सातव्यानंतर तो नव्हता, चाळीस राहिले. एकदा तपासलेले पुन्हा तपासू नये, असा त्या पायरीचा नियम आहे. हात मधेच आत येऊ शकतो, हे त्यात धरलेले नाही.

साहेब म्हणाले, "पुरे झालं. बंद कर ते." मी चित्रे छापून घेतली. ती सोबत जोडली आहेत.

सातवी पायरी कोणी लिहिली, असे विचारल्यावरून सांगते की, मी. दोन वर्षांपूर्वी. यंत्रे वेगाने चालू लागली म्हणून तेव्हा कचेरीत बकलावा ही मिठाई वाटली होती. नौफलने आणली होती.

आज सकाळी मी इस्पितळात हमादी यांना भेटले. "तू कोण गं पोरी?" त्यांनी विचारले. मी सांगितले. त्यांनी डाव्या हाताने खुर्ची दाखवली. "बस," म्हणाले. पुढचे बोलणे यात लिहू नये, अशी विनंती आहे.

हा जबाब मला वाचून दाखवला, तो मी सांगितल्याप्रमाणे आहे. शेवटच्या ओळीत आधी 'चूक कंपनीची' असे लिहिले गेले होते, ते माझ्या सांगण्यावरून खोडले आहे.
चूक माझी. नौफल झिरीबी याची नाही.

सही