आपलं माणूस

मतदानाच्या रांगेत माझ्यापुढे एक वयस्कर जोडपं होतं. त्यांची मुलगी गावच्या साहेबांविरुद्ध निवडणुकीला उभी आहे, हे मला आणि माझ्यामागच्या चौघांना लगेचच कळलं.

"अहो, मत लेकीलाच देताय ना?"

"हळू बोल. बघतो."

"बघतो काय? स्थळ बघताय का?"

"अगं, साहेब आपला माणूस आहे. खातो, पण नळाला पाणी येतं."

"येतं ना, त्यांची बाग भिजून उरलेलं."

"सगळेच खातात. चालवून घ्यायचं."

"जावई बघताना घेतलंत चालवून? मुलगा खातो, पण कामाला बरा आहे, म्हणून?"

"तिथे पोरगी द्यायची होती."

"इथे अख्खं गाव देताय."

आजोबा रांगेत एक पाऊल पुढे सरकले.

"ती पडेल, अशी भीती वाटते का?"

"पडली तर रडेल. तिची समजूत काढता येते मला. पण निवडून आली आणि बदलली तर? उद्या याच रांगेत कुणी म्हणेल, बाई खातात, पण कामं करतात. ते नाही ऐकवणार मला."

"म्हणजे साहेबांनी खाल्लेलं चालतं, हिने नाही?"

"ही आपली आहे गं."

"मग झालं तर! 'आपला माणूस' म्हणून आजवर पुष्कळांना दिलंत. आज आपलं माणूस उभं आहे. बदललीच, तर कान धरायला आपण आहोत."

"चष्मा दे."

"तिचं नाव अगदी खाली आहे हं. सापडेल ना?"

"मला सांगतेस? ते नाव मी ठेवलंय."