गाडी सिग्नलला गप्प बसेना

गप्पच बसेना हो ती! म्हणजे आमची गाडी. हायब्रिड आहे, अर्धी बॅटरीवर, अर्धी पेट्रोलवर, आणि तुम्हाला सांगते, अशा गाडीचं खरं सुख एकच, सिग्नलला थांबलं की इंजिन आपणहून बंद होतं. इतकं बंद, की सुरुवातीला मला दर सिग्नलला वाटायचं, संपलं, आता मागचे हॉर्न मारणार. आणि सध्या तर आईचा सगळा प्रवास त्या शांततेवरच चालतो. तिचं रेडिएशन चालू आहे, रोज अकराला, पंचविसातले एकवीस झालेत, आणि इंजिनाची थरथर पोटात गेली की तिला उलटी होते. सिग्नल आला की ती डोळे मिटून म्हणते, "हां. आता बरं." घरापासून हॉस्पिटलपर्यंत असे आठ सिग्नल. तर सोमवारी पहिल्याच सिग्नलला मी थांबले आणि इंजिन आपलं चालूच... घुर्रर्र. आईनं डोळे मिटले, उघडले, आरशातून माझ्याकडे बघितलं. मी घाबरले नाही. मी फक्त रेडिओ बंद केला, काच खाली केली, काच वर केली, आणि शेजारच्या ट्रककडे असं बघितलं की आवाज त्याचाच असणार.

पुढच्या सिग्नलपर्यंत इंजिनाचा पिवळा दिवा लागला.

आता आमच्या घरची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं तुम्हाला कळणार नाही. बाबा टीव्ही दुरुस्त करायचे, आणि त्यांचा नियम असा, की काहीही बिघडलं तरी आधी वायर काढायची, शंभर आकडे मोजायचे, परत लावायची. टीव्ही, फ्रीज, मिक्सर. अगदी माझं आणि दादाचं भांडण झालं तरी दोघांना वेगळ्या खोल्यांत घालून शंभर आकडे! बाबा जाऊन दोन वर्षं झाली, पण नियम आहेच ना? तर मंगळवारी सकाळी मी भांडी घासायचे रबरी हातमोजे चढवले आणि गाडीची डिकी उघडली. हायब्रिडमध्ये नारिंगी वायरींना हात लावायचा नसतो, माणूस जागेवर खलास होतो, एवढं मी वाचलं होतं. मला नारिंगी नव्हतीच हवी, छोट्या बॅटरीची काळी हवी होती, तरी तीन वेळा रंग तपासला. वायर काढली. सुरक्षित राहावं म्हणून दोनशे मोजले. वायर लावली आणि दिवा गेला! आईला म्हटलं, बघ, झाली गाडी बरी. आई म्हणाली, "अगदी बाबांवर गेलीस." ते कौतुक होतं की काय, ते मी विचारलं नाही.

तिसऱ्या सिग्नलला इंजिन चालू ते चालूच, वर पुढचा पंखा असा काही ओरडायला लागला की पादचारी वळून बघायला लागले. मी घाबरले नाही. मी फक्त समोर दिसलेल्या पहिल्या गॅरेजमध्ये गाडी घातली, आईसकट.

तिथले मेस्त्री वयस्कर, चष्मा दोरीनं गळ्यात. त्यांनी बॉनेट उघडेपर्यंत पंखा शहाण्यासारखा गप्प. त्यांनी कॉम्प्युटर लावला, बघितलं, पुन्हा बघितलं. "बिघाडाचा कोडच नाही," म्हणाले. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "बॅटरीची वायर काढली होती का कुणी?"

मी पायांकडे बघितलं.

"ताई, आपलं काय दुखतंय ते गाडीनं लिहून ठेवलं होतं. तुम्ही पाटी पुसलीत."

मग त्यांनी समजावून सांगितलं. एक तर इंजिनाचं पाणी खरंच तापतंय, मग ही गाडी इथून हलवायची नाही. नाहीतर पाण्याचं तापमान सांगणारा सेन्सर मधूनच खोटं बोलतोय, मग तो अर्ध्या तासात बदलून आम्ही मोकळे. पण आत्ता या घडीला तो खरं बोलत होता, सगळे आकडे व्यवस्थित. कालचा कोड असता तर चोर कोण ते कळलं असतं. नाहीतर दिवा परत लागेपर्यंत वाट बघायची. किती वेळ? "दहा मिनिटं," मेस्त्री म्हणाले, "नाहीतर उद्या."

उद्या! हॉस्पिटलला फोन केला, तर तिथल्या बाई म्हणाल्या, साडेबारापर्यंत थांबते, उद्यापासून दोन दिवस मशीनची देखभाल आहे. आणि डॉक्टरांनी बजावलेलं, आता शेवटी शेवटी खाडा नको. टॅक्सी म्हणाल, तर पहिल्या आठवड्यात आईला टॅक्सीत उलटी झाली आणि तो ड्रायव्हर जे बोलला ते ऐकल्यापासून तिनं सांगून टाकलंय, परक्याच्या गाडीत परत नाही. तरी मी विचारलंच. तिनं नुसती मान हलवली. पदराखालचा तिचा हात पोटावर होता.

तेवढ्यात मेस्त्री स्टिअरिंगखाली वाकले होते ते तिथूनच म्हणाले, "ही डबी कुणाची?"

दादाची! परगावी नोकरीला जाताना त्यानंच बसवलेली, मी तिथून लक्ष ठेवीन म्हणून. तिच्यात सिमकार्ड आहे. गाडी कुठे उभी आहे, तिनं काय कोड दिला, सगळं थेट त्याच्या फोनवर. म्हणजे कालचा कोड दादाच्या खिशात होता! आणि दादा माझा फोन उचलत नाही. बाबा गेल्याचं त्याला मीच फोनवर सांगितलं होतं. आई आजारी पडल्यापासून माझं नाव दिसलं की तो फोन उलटा ठेवतो आणि तासाभरानं लिहितो, मीटिंगमध्ये होतो. रविवारीसुद्धा मीटिंग.

मी घाबरले नाही. मी फक्त अकरा वेळा फोन लावला. मध्ये एक मेसेजही केला, आणि त्यात कोडबिड काही लिहायचं सुचलंच नाही हो, घाईत नुसतं "दादा, लगेच फोन कर" एवढंच लिहिलं. वायर काढली तेव्हा त्याच्या नकाशावरचा आमचा ठिपका नाहीसा झाला असणार, आणि अकरा वाजून गेले तरी ठिपका हॉस्पिटलला पोचलेला नाही, हे तिकडे त्याला दिसत असणार... हे मला तेव्हा कुठे सुचतंय? मी आपली फोन स्पीकरवर टाकून, आकडे मेस्त्रींना थेट ऐकू जावेत म्हणून, आईच्या उघड्या दाराशी उभी. अकरा वाजून वीस मिनिटं. बाराव्यांदा रिंग... आणि उचलला.

मग दादाचा आवाज, पण लहानपणचा, वेगळ्या खोलीतून यायचा तसा.

"कधी गेली?"

मेस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला. तेव्हा मागच्या सीटवरून, डोळे मिटूनच, आई म्हणाली,

"अजून नाही रे. कोड सांग, उशीर होतोय."