पाण्याची वही

मारिगाट गावाच्या मटाटूत, म्हणजे वडापच्या मिनीबसमध्ये, माझ्या पुढच्या बाकावर लेकेसिओबाबा बसले होते. सरोवराचं पाणी रोज सकाळी मोजून वहीत लिहायचं, हे त्यांचं एकतीस वर्षांचं काम. आज त्या वह्या खासदारांच्या समितीला दाखवून ते परतत होते. शेजारी बसलेली मासेवाली नामुन्याक त्यांना विचारत होती.

"खासदारांनी वह्या बघितल्या का, बाबा?"

"बघितल्या. अक्षर चांगलं आहे म्हणाले."

"अक्षर खाऊन जगायचं का आम्ही? पाणी का वाढतंय, ते ठरलं?"

"शास्त्रज्ञबाई म्हणाल्या, हवा तापलीय, म्हणून पाऊस वाढलाय. एक खासदार म्हणाले, जमीन खचली असेल. दुसरे म्हणाले, देवाची मर्जी."

"मग?"

"पुरावा पुरेसा नाही. आणखी दोन वर्षं मोजा म्हणाले. कारण ठरल्याशिवाय बुडत्या गावाला नवी जागा नाही."

"मोजणार कशावर? तुमचा मोजायचा खांब तर गेल्या वर्षीच बुडाला."

"नशोरुआच्या थडग्यावरचा क्रूस होता ना. त्यावर खुणा केल्या होत्या."

"बायकोच्या क्रूसावर, बाबा?"

"तीच उंच जागा उरली होती. तिच्याशी दोन शब्द बोलणंही व्हायचं."

"हे त्यांना सांगितलंत?"

"त्यांनी विचारलं नाही."

"आता किती दिसतोय क्रूस?"

"मंगळवारी टोक दिसत होतं. बुधवारपासून जातो, थोडा वेळ उभा राहतो आणि कोरी वही घेऊन परत येतो."