विल्फ्रेडचे चार दिवस

मंडळी, एक विचारतो. चारचौघांत चूक कबूल केली, तर माणसाचा मान जातो का राहतो? घाई नको! आधी ऐका.

तिकडं कॅनडात, तळ्याकाठी ओजिब्वा या तिथल्या मूळ लोकांची वस्ती. तिथला विल्फ्रेड — ढोल सांभाळणारा. आपण वीणा कुणाच्याही हाती देत नाही ना, तसा त्यांचा ढोल! नशा केली, तर चार दिवस त्याला हात लावायचा नाही. — काय बुवा, आपल्या भजनी मंडळात लावायचा हा नियम? पखवाजाला माणूस मिळेल ना?

हसा, हसा! दारू काही तिकडचीच नाही.

विल्फ्रेडनं दारू सोडून आठ महिने झालेले. वस्तीभर कौतुक! पण लाकूडतोडीत पाठ दुखावली, डॉक्टरनं गोळ्या दिल्या. दुखणं थांबलं, गोळ्या थांबेनात! आणि लेकीनं, डेल्फीननं, बजावलेलं — "बाबा, पुन्हा नशा केलीत तर नात दिसणार नाही."

त्याच नातीचं बारसं. लांबलांबून माणसं आलेली, मासे शिजलेले. नाव ठेवणारी अगाथा आजी म्हणाली, "विल्फ्रेड, वाजव."

त्यानं हात पुढं केला... थांबला. मनात आलं, गोळी तर डॉक्टरची! कुणाला कळतंय? आणि खरंच, कुणाला कळलं नसतं.

हात मागं घेतला. "आजी, माझे चार दिवस भरले नाहीत."

डेल्फीन ताडकन उठली. "प्यालात?"

"नाही गं. गोळ्या. पाठ दुखत नव्हती, तरी घेतल्या."

गेली नात, असंच वाटलं बिचाऱ्याला.

आजीनं एवढंच विचारलं, "किती दिवस झाले?"

"दोन."

"मग दोन राहिले. थांबू आम्ही." पाहुण्यांकडं वळून म्हणाली, "अंथरुणं काढा!"

डेल्फीननं हात पसरला. "उरलेल्या द्या." त्यानं खिशातली गोळ्यांची बाटली दिली. नात तिनं त्याच्या मांडीवर दिली नाही. पण घेऊन निघूनही गेली नाही.

दोन दिवस गोळ्यांविना विल्फ्रेड तळमळला, घामानं भिजला. आळीपाळीनं कुणीतरी उशाशी बसलं. मग ढोल वाजला, पोरीला नाव मिळालं. — काय नाव म्हणता? त्यांच्या घरचं ते, मी कशाला सांगू!

पण मंडळी, थांबलं कोण? चाळीस माणसं! कामधंदा सोडून! उद्या आपल्या मांडवात कुणी उठून असं बोललं, तर आपण अंथरुणं काढू? का चहाच्या टपरीवर जाऊन सांगत सुटू? बोलणारा बोलून मोकळा होतो. मान ठेवायचा का नाही, ते ऐकणाऱ्यांनी ठरवायचं.

टाळ उचलू नका इतक्यात. शेजारी जो बसलाय, त्याच्याकडं एकदा बघा. तो गप्प आहे ना — तो तुमच्या भीतीनं गप्प आहे!