आधी जाहिरात लागली

ड्रायरची घंटी वाजली आणि लॉन्ड्रीतली शांतता मोडली. शेजारच्या बाकावरच्या दोन शाळकरी मुली पुन्हा सुरू झाल्या.

"मग ब्रेना, कोडीनं किस केलं की नाही?"

"करणारच होता. मी म्हटलं, थांब, गाणं लावते."

"ऐन त्या वेळी?"

"अगं, मालिकेत गाण्याशिवाय कुणी करतं का?"

"बरं, मग?"

"फोनवर आधी जाहिरात लागली. मूळव्याधीच्या मलमाची."

"अरे देवा. आणि कोडी?"

"गाणं सुरू होईपर्यंत गाडीत जाऊन बसलासुद्धा. आता शनिवारी शाळेच्या प्रॉम-डान्सला माझ्याबरोबर येणार की नाही, तेही सांगत नाहीये."

"मग तूच विचार."

"विचारते. पण बिनगाण्याचं कसं विचारू?"

इवले मोजे जुळवता जुळवता माझी लेक टेस थांबली.

"ममा, तुला बाबा आवडले तेव्हा कुठलं गाणं लागलं होतं?"